आभारप्रदर्शन, टर्की आणि आजीचा एप्रन

आभार मानणं हा आपल्याकडे कार्यक्रमातला अगदी शेवटचा भाग. अध्यक्षांचं भाषण संपलेलं असतं, मागल्या रांगेतली मंडळी चपला शोधत असतात आणि कोणी एक चिटणीस हार, माइक, सतरंज्या आणि चहा पुरवणाऱ्यांची यादी वाचत असतो. ती शेवटपर्यंत ऐकतो तो फक्त सतरंजीवाला. कारण त्याला सतरंज्या परत न्यायच्या असतात! घरात तर आभार मानायची सोयच नाही. आईला ‘थँक यू’ म्हणून बघा. ती आधी कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहील. अशा समाजातल्या माणसानं, निव्वळ आभार मानण्यासाठी काढलेल्या सणाच्या चित्रावर टीका लिहावी, हा आगाऊपणाच. पण समीक्षकाला आगाऊपणा वर्ज्य असता, तर समीक्षा कोणी लिहिलीच नसती.

चित्र आहे नॉर्मन रॉकवेल यांचं. नाव ‘फ्रीडम फ्रॉम वॉन्ट’, म्हणजे आपल्या भाषेत ‘ददातीपासून मुक्ती’. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी जानेवारी १९४१ मध्ये चार स्वातंत्र्यांवर भाषण केलं. त्या चारांवर रॉकवेलनी चार चित्रं काढली आणि ती ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’मध्ये ओळीनं चार आठवडे छापून आली. थँक्सगिव्हिंगचा सण नोव्हेंबरात. हे चित्र आलं ६ मार्च १९४३ ला! आपले दिवाळी अंक उशिरा येतात म्हणून उगाच ओरड होते.

चित्रात पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर पांढऱ्या बशा आहेत आणि मागे पांढरे पडदे. एवढं पांढरं एकाशेजारी एक ठेवून प्रत्येक पांढरं वेगळं दाखवणं सोपं नाही. इथे रॉकवेलना कॅलेंडरवाले म्हणून नाक मुरडणाऱ्यांनीही क्षणभर नाक जागेवर आणावं. आजी भलीमोठी टर्की टेबलावर ठेवते आहे, आजोबा मागे उभे आहेत. बाकीची मंडळी एकमेकांकडे बघून हसताहेत. गंमत अशी, की ही मंडळी एकत्र जेवायला बसलेलीच नव्हती. रॉकवेल राहत होते त्या व्हरमाँटमधल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचे त्यांनी स्टुडिओत फोटो काढले आणि मग त्यांना एका टेबलाशी आणून बसवलं. टर्की मात्र अस्सल. ती रंगवून झाल्यावर त्यांनी खाऊनही टाकली. मॉडेलचा एवढा पुरेपूर उपयोग दुसऱ्या कुठल्या चित्रकारानं केला असेलसं वाटत नाही.

आता दोष. सण आभाराचा, पण चित्रात आभार मानताना कोणी दिसत नाही. हात जोडलेले नाहीत, माना झुकलेल्या नाहीत. एवढ्या वजनाचं ताट म्हातारीच्या हातात आहे, आणि बसलेल्या मंडळींना त्याचं काहीच वाटत नाही. आजोबा सुटात आहेत; आजीच्या अंगावरचा एप्रन अजून उतरलेला नाही. कोणत्याही देशातला कोणताही सण ओळखायचा असेल, तर एवढा एप्रन पुरे.

दुसरा दोष असा, की चित्र गुरुवारी दुपारी थांबतं. सण थांबत नाही. १९३९ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. शेवटच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग केलं तर नाताळच्या खरेदीला दिवस कमी पडतील, अशी दुकानदारांना धास्ती. रूझवेल्टनी सणच आठवडाभर अलीकडे ओढला! काही राज्यांनी नवी तारीख पाळली, काहींनी जुनी. टेक्सासनं दोन्ही पाळल्या. टिळक पंचांग आणि दाते पंचांग यांच्यातले मतभेद माहीत असलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटू नये. शेवटी १९४१ साली चौथा गुरुवार कायद्यानं ठरला. न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानाची त्या दिवशीची मिरवणूक १९२४ पासूनची, आणि तिच्या शेवटी येतो सांताक्लॉज. म्हणजे टर्की अजून ओव्हनमध्ये आहे तोच नाताळ दारात हजर. आहे त्याबद्दल गुरुवारी आभार मानायचे आणि नाही ते आणायला शुक्रवारी पहाटे रांगेत उभं राहायचं.

या चित्राची एक छापील प्रत न्यू जर्सीत माझ्या पुतणीच्या जेवणघरात टांगलेली आहे. तिच्या घरी गुरुवारी टर्की, क्रॅनबेरीचं लोणचं आणि उरलेल्या भोपळ्याचे घारगे. शुक्रवारी माळ्यावरून नाताळचं झाड खाली येतं. शनिवारी टर्कीचं सँडविच, रविवारी तिचाच रस्सा. बाहेर दिवाळीपासून लावलेल्या दिव्यांच्या माळा तशाच. मी काढायला गेलो तर म्हणाली, “राहू द्या हो काका, नाताळला परत लावायच्याच आहेत ना!” एका माळेत तीन सण उरकणं हे फक्त मराठी माणसालाच सुचावं.

पण या चित्रात हसण्यावारी न नेण्यासारखंही काही आहे. युरोपात त्या वेळी लोक उपाशी होते. एवढी भरगच्च मेजवानी तिकडे अनेकांना रुचली नाही. आणि ज्या १९४३ मध्ये ‘ददातीपासून मुक्ती’ छापून आली, त्याच वर्षी बंगालात लाखो माणसं अन्नावाचून मेली. टेबलाची आपल्याकडची बाजू चित्रकारानं मोकळी सोडली आहे. खालच्या कोपऱ्यातला एक गृहस्थ मान वळवून थेट आपल्याकडे बघून हसतो. जणू म्हणतो, ‘या, बसा.’ बंगालातल्या माणसांना ते बोलावणं पोचलं नाही.

आपल्याला एकदा पोचलं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो आली. भाकरी थापता थापता तुटायची, चव लागायची नाही. घरोघर त्या मिलोला शिव्या देत देत ती खाल्ली गेली आणि माणसं जगली. आभार कोणी मानल्याचं ऐकिवात नाही. ती भाकरी कशीबशी जुळवून तव्यावर टाकणाऱ्या बाईचेसुद्धा नाहीत.

म्हणून हे चित्र मला वाईट म्हणवत नाही. त्यात आभार नाहीत, ही माझी तक्रार आहे. पण आभार कोणाचे मानायला हवेत, ते त्यात अगदी मधोमध काढलेलं आहे. बसलेल्यांना ती दिसत नाही, एवढंच. मी ते चित्र बरेचदा पाहिलं. आजीसाठी ओढून ठेवलेली खुर्ची मला तरी अजून सापडलेली नाही.