कुठला ‘राजी’? संशोधनासाठी गेम विकत घेताना डीआरएमचा विचार का करायचा

समजा, तुम्ही ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम खेळलात आणि त्यावर टिपण लिहिलंत. टिपणाखाली नोंद केलीत, “राजी, 2020.” आता माझा प्रश्न असा की, कुठला ‘राजी’?

प्रश्न खोचक वाटेल, पण तो तुम्हाला मुलाखतीत कुणीतरी विचारणारच आहे. त्याचं उत्तर तुम्ही गेम कुठून आणि कशा स्वरूपात विकत घेतलात यावर बरंचसं अवलंबून असतं. डीआरएम नसलेली प्रत घ्या, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो तेव्हा बहुतेकांना ती गेमर लोकांची हौस वाटते. मला ती संशोधनाच्या शिस्तीची गोष्ट वाटते. का, ते आज सांगतो. आणि या भूमिकेत जिथे खोट आहे, तेही सांगतो.

आधी डीआरएम म्हणजे काय ते पाहू. विकत घेतलेली फाइल उघडताना ‘हा माणूस अधिकृत आहे ना’ हे तपासणारं कुलूप, एवढंच. कधी ते कुलूप दुकानाच्या लाँचरमध्ये असतं, कधी गेमच्या आतच डेन्युव्होसारखी यंत्रणा बसवलेली असते, कधी गेम चालू करताना कंपनीच्या सर्व्हरला विचारावं लागतं. डीआरएम नसलेल्या प्रतीत हे काही नसतं. इन्स्टॉलर उतरवला, डिस्कवर ठेवला, दहा वर्षांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवला, कुणाला विचारावं लागत नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने 2008 मध्ये सुरू केलेलं जीओजी हे दुकान याच तत्त्वावर उभं आहे. स्टीमवर डीआरएम लावायचं की नाही हे गेम बनवणारा ठरवतो, त्यामुळे तिथलेही काही गेम एकदा उतरवले की लाँचरशिवाय चालतात. म्हणजे दुकानाच्या पाटीवरून निष्कर्ष काढू नका, प्रत तपासा.

पुण्याचा गेम, पुण्याचाच धडा

‘राजी’ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवला. 2017 मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी टीम टिकली. ऑगस्ट 2020 मध्ये गेम आधी निन्टेन्डो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये कॉम्प्युटर आणि इतर कन्सोलवर. राजी नावाची मुलगी महाबलासुराने पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधत निघते. विष्णू आणि दुर्गा तिच्याकडे वरून बघत आपसात बोलतात आणि त्यांच्या बोलण्यातून कथा आपल्याला कळते. मधले प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांच्या शैलीत येतात.

आता रत्नागिरीतला एखादा विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. त्याला पिंगुळीच्या ठाकर कलाकारांच्या चामड्याच्या बाहुल्या माहीत आहेत. ती परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. विद्यार्थी ठरवतो की पिंगुळीचा खेळ आणि ‘राजी’तले बाहुल्यांचे प्रसंग यांची तुलना करायची. विषय झकास आहे. पण या तुलनेचा कणा आहे निवेदकाचा आवाज. बाहुलीमागून कोण बोलतं, कुठल्या भाषेत बोलतं?

आणि इथेच गाडी अडते. 2020 च्या ‘राजी’त देव इंग्रजीत बोलतात. 2022 मध्ये सुधारित आवृत्ती आली, तिच्यात संपूर्ण हिंदी संवाद आले, दृश्यं आणि हालचालीही सुधारल्या. ज्यांनी आधी गेम घेतला होता त्यांना ती फुकट मिळाली. खेळणाऱ्याला हे चांगलंच. पण 2020 मध्ये कुणी लिहिलं असेल की “भारतीय पुराणकथा इंग्रजी आवाजात सांगण्यातून जागतिक बाजारपेठेची गरज दिसते”, तर ते वाक्य तेव्हा तपासता येत होतं. आज नव्याने गेम उतरवणाऱ्याच्या हातात हिंदीचा पर्याय असलेली प्रत येते. त्याला लेखक चुकला असं वाटेल. लेखक चुकलेला नाही, संहिता बदललीय.

संहिता बदलणं आपल्याला नवीन आहे का? एकनाथांनी 1584 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, कारण पाठभेद झाले होते. पुण्याच्याच भांडारकर संस्थेत 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं, ते 1966 मध्ये पुरं झालं. त्यासाठी 1259 हस्तलिखितं वापरली गेली. तळटीपांत पाठभेद दिले, कुठला श्लोक कुठल्या प्रतीत आहे ते नोंदवलं.

हे काम शक्य का झालं, याचा विचार करा. कारण जुन्या प्रती कुठे ना कुठे उरल्या होत्या, मठात, वाड्यात, संस्थानाच्या ग्रंथालयात. नवी प्रत तयार झाली म्हणून जुनी आपोआप पुसली गेली नाही. पोथी सोडताना कुणाची परवानगी लागत नव्हती. आपोआप अपडेट होणाऱ्या गेममध्ये बरोबर उलटं होतं. नवी प्रत येते ती जुनीच्या डोक्यावर बसूनच. पाठभेद उरत नाही, कारण आधीचा पाठच उरत नाही. पुण्यात बनलेल्या पौराणिक गेमची चिकित्सक आवृत्ती उद्या कुणाला करायची झाली, तर त्याच्याकडे एकच ‘हस्तलिखित’ असेल, सर्वांत ताजं.

‘राजी’ जीओजीवर डीआरएमशिवाय मिळतो. म्हणून प्रश्न सुटला का? अर्धाच. तिथेही दुकान नवा इन्स्टॉलर पुढे करतं. जुना तुम्ही वेळेवर उतरवून जपला असेल तरच तो तुमच्याकडे राहतो. डीआरएम नसल्याने जपण्याची मुभा मिळते, जपायचं काम आपलंच.

दुकान बंद झालं तर

अपडेटपेक्षा मोठा धोका म्हणजे गेमच बंद पडणं. युबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा 2014 चा गेम एकट्याने खेळायचा झाला तरी सर्व्हर लागायचा. 31 मार्च 2024 ला सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजलेल्या लोकांकडचा गेम निकामी झाला. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून असा कायदा लागू आहे की, ग्राहकाला फक्त परवाना मिळत असेल तर ते स्पष्ट न सांगता ‘विकत घ्या’ असं म्हणता येत नाही. त्यातली सूट बघण्यासारखी आहे. कायमची उतरवून इंटरनेटशिवाय वापरता येणारी वस्तू असेल तर हा नियम लागू होत नाही. म्हणजे मी जो फरक सांगतोय, तो तिथल्या कायद्यानेही मानला.

2023 मध्ये अमेरिकेच्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने एक पाहणी प्रसिद्ध केली. 2010 च्या आधी अमेरिकेत आलेल्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत. पुस्तकाचं तसं होत नाही, कारण प्रकाशक बुडाला तरी ग्रंथालय असतं. आपल्या रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 चं आहे. आपल्याकडे 1954 च्या कायद्यानुसार प्रत्येक प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर ठरावीक ग्रंथालयांना द्यायच्या असतात. त्या कायद्यात पुस्तकं आणि वृत्तपत्रं येतात, व्हिडिओ गेम येत नाहीत. तेव्हा ‘राजी’ची 2020 ची प्रत सरकारदरबारी मिळेल या भरवशावर राहू नका. तुमची डिस्क हेच सध्या तुमचं ग्रंथालय.

कोकणात आणखी एक गोष्ट. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज आणि नेटवर्क नव्हतं. सर्व्हरला विचारल्याशिवाय न उघडणारी संशोधन-सामग्री अशा वेळी काय कामाची? माझा अनुभव इतका नाट्यमय नाही. प्रगती-अहवालाच्या दिवशी एका गेममधला प्रसंग दाखवायचा होता. लाँचरने नव्या कॉम्प्युटरसाठी पुन्हा लॉगिन मागितलं, कोड यायचा तो आला नाही, आणि समितीपुढे मी प्रसंगाचं तोंडी वर्णन करत बसलो. “म्हणजे आम्ही तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा?” असं एका सरांनी शांतपणे विचारलं. तो प्रश्न माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. संशोधनात शब्दावर विश्वास ठेवायला लागू नये, म्हणून तर आपण संदर्भ देतो.

कायद्याचं काय?

हा भाग नीट समजून घ्या, कारण इथे विद्यार्थी दोन्ही बाजूंनी चुकतात. कुणी म्हणतं सगळंच बेकायदा, कुणी म्हणतं अभ्यासासाठी सगळं चालतं. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये संशोधन, टीका आणि समीक्षा यांसाठी योग्य मर्यादेतल्या वापराला मुभा आहे. कायदेशीर प्रत जवळ असलेल्याला सॉफ्टवेअर नष्ट होऊ नये म्हणून बॅकअप प्रतही करता येते. 2012 च्या दुरुस्तीने कलम 65-अ आलं. हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ‘हेतू’ हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याने मनाई नसलेल्या कारणासाठीच्या कृतीला तिथे सूटही दिली आहे.

मग कुलूप तोडून संशोधन करावं का? माझा सल्ला, नको. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी वकिलाशी ‘हेतू’वर चर्चा करत बसायला कुणाला वेळ आहे? आणि इंटरनेटवरची क्रॅक केलेली प्रत तर अजिबात नको. नैतिक प्रश्न बाजूला ठेवला तरी तिच्यात कुणी काय बदललंय हे तुम्हाला सांगता येत नाही, म्हणजे पुरावा म्हणून ती फुकट. मुळात कुलूप नसलेली प्रत विकत घेतली की हा पेचच उद्भवत नाही.

या भूमिकेतली खोट

आता माझ्याच म्हणण्याची उलटतपासणी करू. पहिली गोष्ट, डीआरएम नसलं तरी कायद्याने तुम्ही मालक होत नाही. जीओजीसुद्धा परवानाच देतं. फरक इतकाच की तो परवाना रोज दारात उभा राहून ओळखपत्र मागत नाही. ती प्रत वर्गभर वाटायची मुभाही त्यातून मिळत नाही.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. डीआरएम नसलेलेच गेम अभ्यासायचे असं ठरवलंत तर तुमचा नमुनाच वाकडा होईल. आपल्याकडे बहुसंख्य लोक गेम खेळतात ते मोबाइलवर, ऑनलाइन. बीजीएमआयसारख्या गेमची डीआरएम-मुक्त प्रत असूच शकत नाही. दिव्याखाली उजेड आहे म्हणून हरवलेली अंगठी तिथेच शोधायची, असं व्हायला नको. तेव्हा नियम असा ठेवा: विषय प्रश्नावरून निवडा, आणि त्या विषयाची मोकळी प्रत मिळत असेल तर तीच घ्या. मिळत नसेल तर पडद्याचं रेकॉर्डिंग हाच तुमचा पुरावा, आणि मर्यादांच्या प्रकरणात तसं स्वच्छ लिहा.

तिसरं, डिस्कही मरते. जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पुस्तकांचं मोठं नुकसान झालं. एका जागी ठेवलेली प्रत ही प्रत नव्हेच. हस्तलिखितं वाचली ती अनेक गावांत होती म्हणून.

तर मग करायचं काय

नवा गेम अभ्यासाला घेतलात की पहिल्याच दिवशी या गोष्टी करा.

1. दुकानाचं नाव, खरेदीची तारीख, प्लॅटफॉर्म, आवृत्ती-क्रमांक आणि संवादांची भाषा वहीत लिहा. “राजी, 2020” एवढ्याने भागत नाही.
2. इन्स्टॉलर दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. एक घरी, एक दुसऱ्या गावी.
3. फाइलचा एसएचए-256 हॅश काढून नोंदवा. तो फाइलच्या बोटांच्या ठशासारखा असतो, एक अक्षर बदललं तरी हॅश बदलतो. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने तो मिनिटभरात निघतो.
4. नवी आवृत्ती आली तर वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या. जुनी पुसू नका.
5. ज्या प्रसंगावर युक्तिवाद उभा आहे तो रेकॉर्ड करा, रेकॉर्डिंगची तारीख टाका.

या सगळ्याला एक दुपार जाते. बाहुल्या आणि ‘राजी’वर लिहिणाऱ्या त्या विद्यार्थ्याने हे केलं, तर त्याच्या प्रबंधात असं वाक्य येईल: “हे निरीक्षण अमुक आवृत्तीच्या इंग्रजी संवादांवर आधारित आहे, पुढच्या आवृत्तीत हिंदी संवाद आहेत, त्यांचा विचार चौथ्या प्रकरणात केला आहे.” मग मुलाखतीत कुणी “कुठला ‘राजी’?” विचारलं, तर तो बॅगेतून डिस्क काढेल. नेटवर्क असो नसो.