बहुभुजांच्या सामाईक क्षेत्राचे संगणन : 'अपवादा'च्या गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना :

भौगोलिक माहिती प्रणालीत गाव, शेत, वनक्षेत्र, पूरक्षेत्र इत्यादी क्षेत्रे शिरोबिंदूंच्या क्रमाने, म्हणजेच बहुभुजांच्या रूपात साठविली जातात. पूरक्षेत्रात कोणत्या शेताचा किती भाग येतो, या प्रश्नाचे उत्तर दोन बहुभुजांचे सामाईक क्षेत्र काढून मिळते. ही क्रिया वरकरणी शालेय भूमितीतील वाटते. तथापि तिच्यामागील गृहीतके तपासणे अगत्याचे ठरते.

विवेचन :

सदरलँड व हॉजमन यांच्या १९७४ च्या पद्धतीत छेदक बहुभुज बहिर्वक्र असणे आवश्यक होते. वाइलर व अॅथर्टन (१९७७) आणि वत्ती (१९९२) यांनी ही मर्यादा ओलांडली. ग्राइनर व हॉर्मन (१९९८) यांची मांडणी विशेष सुटसुटीत आहे. छेदनबिंदू शोधावेत, प्रत्येक बिंदूपाशी सीमा आत शिरते की बाहेर पडते हे ठरवावे व त्यानुसार तुकडे जोडावेत, असे तिचे स्वरूप आहे. परंतु शिरोबिंदू दुसऱ्या बहुभुजाच्या बाजूवरच पडल्यास हा निर्णय करता येत नाही. अशा वेळी बिंदू किंचित सरकविण्याचा उपाय त्यांनी सुचविला.

या मांडणीची मर्यादा नेमकी येथेच आहे. यादृच्छिक आकृत्यांत अशी स्थिती विरळा आढळते. जमिनीच्या नकाशात मात्र शेजारच्या शेतांचा बांध सामाईकच असतो. शास्त्रात जो अपवाद, तो नकाशात नियम होय. बिंदू सरकविल्याने बांधालगत चिंचोळ्या पट्ट्या निर्माण होऊ शकतात आणि नसलेले अतिक्रमण कागदावर उमटते.

फॉस्टर, हॉर्मन व पोपा यांनी २०१९ मध्ये बिंदू न सरकविता ही स्थिती हाताळून दाखविली. तरीही संख्यांच्या अचूकतेचा प्रश्न उरतोच. संगणकातील दुहेरी अचूकतेच्या संख्येस ५३ द्विमान अंकांची मर्यादा असल्याने छेदनबिंदू बहुधा तंतोतंत नोंदविता येत नाही. २०२० मध्ये जेटीएस या संगणकीय ग्रंथालयात आलेल्या 'ओव्हरलेएनजी' पद्धतीने बिंदू ठरावीक जाळीवर बसविण्याची सोय केली; पोस्टजीआयएस ३.१ मध्येही जाळीचे अंतर वापरकर्त्यास देता येऊ लागले. यामुळे गणन स्थिर होते. मात्र ते अंतर किती असावे, याचा निर्णय संगणक करीत नाही.

निष्कर्ष :

सामाईक क्षेत्राचा आकडा निखळ भूमितीय सत्य नसून त्यात अचूकतेची मानवी निवड अंतर्भूत असते. म्हणून मोजणीची अचूकता व जाळीचे अंतर यांची नोंद नसलेला आकडा भरपाई वा हद्दीच्या वादात पुरावा मानणे उचित नाही. अभ्यासक्रमातही सामाईक सीमेचे उदाहरण परिशिष्टात न ठेवता प्रथम शिकविले जावे.