आवाजाआधीचा कागद

मराठीत नभोवाणीविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक आठवणींच्या अंगाने. सुधा नरवणे यांच्या प्रादेशिक बातम्या, ‘प्रपंच’मधले टेकाडे भावजी आणि मीनावहिनी, सकाळचा चहा, शेजारच्या घरातून ऐकू येणारा तोच कार्यक्रम. मग आवाजांना विशेषणे लागतात: धीरगंभीर, भारदस्त, मधाळ. विशेषण दिले की विवेचन संपते. या आवाजांच्या समोर एक कागद होता आणि त्यावरची वाक्ये कानासाठी वेगळी रचलेली होती, याची आपल्या समीक्षेने जवळजवळ दखलच घेतली नाही. ‘गीतरामायणा’ची घेतली. पण १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून क्रमाने प्रसारित झालेल्या त्या ५६ गीतांचे पुढे पुस्तक झाले, रंगमंचीय कार्यक्रम झाले. जे छापले गेले त्याचाच अभ्यास झाला.

कानासाठी रचलेले वाक्य म्हणजे काय, हे मराठीपुरते पाहिले पाहिजे. इंग्रजी पुस्तकांतले ‘छोटी वाक्ये लिहा, सोपे शब्द वापरा’ हे सल्ले इथे अर्धेच उपयोगी पडतात. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकारही तिथेच येतो. वृत्तपत्रात असे वाक्य सर्रास आढळते: ‘गेल्या आठवड्यात झालेल्या अवकाळी पावसामुळे बागांचे नुकसान झालेल्या द्राक्षउत्पादकांना जाहीर करण्यात आलेली मदत तूर्त देण्यात येणार नाही.’ डोळ्याला हे चालते, कारण डोळा मागे जाऊ शकतो. ऐकणारा मात्र ‘मदत’ या शब्दापाशी सुखावतो आणि ‘नाही’पाशी आपटतो, तोवर पुढची बातमी सुरू झालेली असते. हेच वाक्य बोलायचे तर उलगडावे लागते: ‘द्राक्षउत्पादकांना तूर्त मदत मिळणार नाही. गेल्या आठवड्यातल्या अवकाळी पावसानं त्यांच्या बागांचं नुकसान झालं होतं. मदत जाहीरही झाली होती.’ शब्द जवळपास तितकेच आहेत, पण ‘झालेल्या’, ‘करण्यात आलेली’ ही विशेषणांची माळ तुटली आणि नकार पहिल्याच वाक्यात आला. शेवटच्या वाक्यातल्या ‘ही’वर किती भार द्यायचा, हा आता निवेदकाचा प्रश्न. त्या ‘ही’ची जागा मात्र लेखकाने ठरवली आहे.

म्हणूनच ‘चांगला आवाज’ ही गोष्ट मला नेहमी संशयास्पद वाटते. पहिल्या वाक्यावर कोणताही आवाज धापाच टाकील. श्वास कुठे घ्यायचा हे फुप्फुसांइतकेच वाक्यही ठरवते. जुन्या पद्धतीच्या निवेदकांचा कागद पाहिला तर तिरप्या रेघा दिसतात, काही शब्दांखाली खूण दिसते. वाक्य पानाच्या तळाशी अर्धे तोडलेले नसते, कारण पान उलटताना आवाजही तुटतो. मराठीची आणखी एक अडचण लिपीतच आहे. ‘जरा थांबा’मधला ज आणि ‘जराजर्जर’मधला ज देवनागरीत एकच. ‘चार माणसे’ आणि ‘गुरे चार’ यांतला चही तसाच. कागद उच्चार सांगत नाही. तो आधी मोठ्याने वाचूनच सापडतो. आकड्यांचेही तेच: एकोणसाठ आणि एकोणसत्तर घाईत एकच ऐकू येतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणितातल्या संख्यावाचनावरून जो गदारोळ झाला, त्यात ऐकणाऱ्याच्या कानाचा विचार फार थोड्यांनी केला.

या दृष्टीने एक प्रयोग पुन्हा तपासण्यासारखा आहे. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी ‘रेडिओ ग्रामसभे’चे २० कार्यक्रम झाले. सुमारे १५० गावांत माणसे एकत्र बसून ऐकत, मग चर्चा करत, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत येत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने त्याचे मूल्यमापन केले. समाजशास्त्रात त्याची चर्चा झाली. मराठी गद्याच्या अंगाने झाली नाही. वास्तविक लिहिणाऱ्याच्या वाक्याची इतकी रोकडी परीक्षा क्वचितच होते. वाचक पुस्तक मिटतो तेव्हा लेखकाला ते कळत नाही; इथे न समजलेले वाक्य प्रश्न होऊन परत येऊ शकत होते.

याच सुमारास व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्राच्या ग्रामीण विभागात आले आणि सुमारे तीन दशके तिथे राहिले. त्यांची शैली नभोवाणीने घडवली असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे; ‘माणदेशी माणसं’ १९४९ चे आहे, म्हणजे ती आखूड, स्वच्छ वाक्ये आधीपासून होती. माझे म्हणणे उलट आहे. नभोवाणीला हवे असलेले वाक्य ते सोबत घेऊनच आले. त्यांच्या गद्याचे वर्णन आपण चित्रकाराचे गद्य म्हणून करतो, ते बरोबरच आहे; पण त्यातला कान आपण मोजलेला नाही.

मराठीबाहेरचे, पण मुंबईतलेच एक उदाहरण अमीन सयानींचे. रेडिओ सिलोनवरची ‘गीतमाला’ १९५२ ची. त्याआधी त्यांनी आई कुलसुम सयानी यांच्या ‘रहबर’ या पाक्षिकात उमेदवारी केली होती. नवसाक्षरांसाठीचे ते पत्र सोप्या हिंदुस्तानीत, देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत निघे. एकच वाक्य तीन लिप्यांत चालवायचे तर ते आधी तोंडात चालावे लागते. सयानींच्या लाघवाची चर्चा खूप झाली. या शाळेची कमी.

आजच्या मराठी पॉडकास्टमध्ये दोन टोके दिसतात. एकीकडे छापील लेख जसाच्या तसा वाचला जातो आणि ‘तथापि’, ‘सदर’ कानावर आदळत राहतात. दुसरीकडे संहिताच नाही. ‘म्हणजे बघ ना’, ‘ॲक्च्युअली’ यांच्या आधाराने तासभर गप्पा. दुसऱ्याला लोक सहजता म्हणतात. मला ती तयारीची टाळाटाळ वाटते. ‘प्रपंच’मधली घरगुती बोली सहज वाटे, आणि ती लिहिलेली होती.

२०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय आला तेव्हा ओरड झाली आणि त्याला स्थगिती मिळाली. ओरड योग्यच होती. पण तिच्यात आवाज, वारसा, सकाळची सवय हे शब्द होते. संहिता हा शब्द मला दिसला नाही. बातमी वाचून झाली की तिचा कागद फायलीत जातो आणि फाइल रद्दीत. श्रुतिकांच्या संहितांची सूचीही अभ्यासकाच्या हाताशी नाही. ती करायची तर सुरुवात केंद्रांच्या कपाटांपासून करावी लागेल, आणि निवेदकांच्या घरी उरलेल्या, तिरप्या रेघा मारलेल्या पानांपासून.