वृकमानवाचा कर्ता

एखाद्या लेखकाची कृति लोकांच्या तोंडीं इतकी बसावी कीं, तिला मुळीं कोणी लेखक होता हेंच त्यांनीं विसरावें, असें भाग्य फारच थोड्यांच्या वाट्यास येतें. जात्यावरच्या ओवीचा कर्ता कोण, असें कोणी विचारीत नाहीं. पण तिला शेंकडों वर्षें आणि हजारों कंठ लाभलेले असतात. ज्या चार ओळींविषयीं आम्ही येथें लिहीत आहों, त्या मात्र एका चित्रपट-कंपनीच्या पगारी लेखकानें १९४१ सालीं लिहिल्या, आणि त्याच्या हयातींतच लोकांनीं त्या जिप्सींच्या प्राचीन गीतांत जमा करून टाकल्या. सज्जन मनुष्यावरही लांडगा होण्याची पाळी येऊं शकते, असा त्यांचा आशय. लेखकाचें नांव कर्ट सिओडमाक. भयपटांची गोष्ट निघाली कीं नटांचीं, रंगभूषाकारांचीं, क्वचित् दिग्दर्शकांचीं नांवें रसिकांच्या जिभेवर येतात. हें नांव सहसा येत नाहीं. तें यावें, असें आमचें म्हणणें आहे. मात्र तेवढ्यासाठीं या गृहस्थाच्या साऱ्या लेखनाची तरफदारी करण्याची आमची तयारी नाहीं.

'द वुल्फ मॅन' हा बोलपट युनिव्हर्सल कंपनीनें १९४१ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध केला. दिग्दर्शक जॉर्ज वॅगनर, नायक लॉन चेनी (धाकटा), रंगभूषा जॅक पिअर्स याची. बऱ्याच वर्षांनीं वेल्समधील वडिलोपार्जित वाड्यांत परतलेला लॅरी टॅलबट एका दुकानांतून चांदीच्या मुठीची काठी विकत घेतो. एका मुलीस वांचवावयास धांवला असतां त्यास लांडगा चावतो. तो लांडगा म्हणजे एक शापित जिप्सी. शाप लॅरीकडे येतो, आणि अखेर त्याच काठीनें त्याचा बाप त्यास ठार करतो. आपण कोणास मारलें, हें बापास मारल्यावर कळतें.

आतां वृकमानव, म्हणजे लांडग्याचें रूप घेणारा मनुष्य, ही कल्पना युरोपांत फार जुनी आहे. परंतु जुना वृकमानव बहुधा अपराधी असे. १५८९ सालीं जर्मनींत बेडबुर्ग येथें पेटर श्टुम्प नांवाच्या शेतकऱ्यास हाल हाल करून मारण्यांत आलें. सैतानानें दिलेला पट्टा कमरेस बांधून तो लांडगा होतो, असा त्याच्यावरचा आरोप होता. हा करार राजीखुशीचा, आणि म्हणून शिक्षाही न्याय्य, असें त्या लोकांस वाटे. सिओडमाकनें ही मूळ मांडणीच उलटविली. त्याच्या नायकानें कांहींच केलेलें नाहीं. किंबहुना त्यानें एक सत्कृत्य केलें, एवढाच त्याचा दोष. भरतानें भयानकाचा स्थायीभाव भय सांगितला व करुणाचा शोक. हे दोन्ही रस एकाच पात्राच्या ठायीं एकवटले, आणि ज्याची भीति वाटते त्याचीच कींव करावी, अशी प्रेक्षकांवर वेळ आली. आमच्या मतें या लेखकाची खरी कामगिरी ही.

बाकीच्या तपशिलाविषयीं मात्र हिशेब चोख ठेवला पाहिजे. लांडग्याच्या चाव्यानें शाप लागणें आणि पौर्णिमा, या दोन्ही गोष्टी १९३५ च्या 'वेअरवुल्फ ऑफ लंडन' मध्यें आधींच येऊन गेल्या होत्या. त्यांचें श्रेय सिओडमाकला देणें अन्यायाचें होईल. गंमत अशी कीं, त्याच्या मूळ चार ओळींत पौर्णिमा नाहींच. तेथें शरदाचा चंद्र आहे. पूर्णचंद्र आला तो १९४३ च्या दुसऱ्या चित्रपटांत, त्याच ओळी थोड्या फिरवून. चांदीची गोळीही पहिल्या चित्रपटांत झाडली जात नाहीं; ती १९४४ सालीं 'हाउस ऑफ फ्रँकेन्स्टाइन' मध्यें येते. पुढील बळीच्या तळहातावर दिसणारी पंचकोनी चांदणी मात्र याच चित्रपटानें रूढ केली. असें एकेक करून जमविलेलें हें शास्त्र आज जगभर आप्तवचनासारखें मानलें जातें. मुंबईंत निघालेल्या 'जुनून' या १९९२ च्या हिंदी चित्रपटांत नायक पौर्णिमेस वाघ होतो. लांडग्याचा वाघ झाला, पण पौर्णिमा कोणास सोडवली नाहीं.

निरपराध मनुष्याच्या कपाळीं चांदणी उमटावी आणि त्याची शिकार सुरू व्हावी, ही कल्पना सिओडमाकला कोठून सुचली, हें त्याचें चरित्र पाहिलें म्हणजे फारसें गूढ राहत नाहीं. तो १९०२ सालीं ड्रेस्डेन येथें एका यहुदी कुटुंबांत जन्मला. गणिताचा विद्यार्थी, मग वार्ताहर. फ्रिट्झ लांगच्या 'मेट्रोपोलिस' चें चित्रण आंतून पाहतां यावें म्हणून तो त्यांत किरकोळ नटांच्या गर्दींत शिरला होता. समुद्राच्या मध्यभागीं विमानांसाठीं तरंगता तळ उभारण्याच्या त्याच्या कादंबरीवरून १९३२ सालीं जर्मन, इंग्रजी व फ्रेंच अशा तीन भाषांत चित्रपट निघाले. इतकें यश पदरीं असतां १९३३ सालीं नाझी सत्तेवर आले आणि त्याला देश सोडावा लागला. आधीं इंग्लंड, मग १९३७ पासून अमेरिका. आपण केलें काय, या प्रश्नाला उत्तर नसलेला मनुष्य त्यानें चार वर्षांनीं लिहिला. टॅलबटची नियति ही आपलीच, असें पुढें त्यानें स्वतः सांगितलें आहे. लेखकानें मागाहून दिलेल्या अशा कबुलीवर आम्ही एरवीं फारसा विश्वास ठेवीत नाहीं, येथें ठेवतों.

पण जो चित्रपट पडद्यावर आला, तो त्यानें लिहिला होता तसा नव्हता. त्याच्या पहिल्या लेखनांत नायक खरोखर लांडगा होतो कीं तसें त्यास केवळ भासतें, हा संशय शेवटपर्यंत राखलेला होता. लांडगा दिसावयाचा तो नायकाच्याच डोळ्यांनीं. कंपनीला मात्र केसाळ प्राणी हवा होता. तिनें तो दाखविला आणि पैसे मिळविले. येथें आमचें मन द्विधा होतें. संशयाचें नाटक अधिक सूक्ष्म झालें असतें, यांत शंका नाहीं. पण संशयाची लोककथा होत नसते. गांवोगांवच्या मुलांनीं जो वृकमानव आपलासा केला, तो पिअर्सनें चिकटविलेल्या केसांचा. कंपनीचा निर्णय व्यापारी होता, आणि तरीही तो सर्वस्वीं चुकला असें म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं.

संशय मात्र पडद्यावर टिकूं शकतो, याचा पुरावा लवकरच मिळाला, आणि तोही सिओडमाकच्याच हातून. १९४३ च्या 'आय वॉक्ड विथ अ झोंबी' ची पटकथा त्यानें व आर्डेल रे या लेखिकेनें मिळून लिहिली. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक झाक तूर्नर. आजारी स्त्री तापानें जडमूढ झाली कीं मंत्रानें, हें तेथें शेवटपर्यंत कोणीच निश्चित सांगत नाहीं. ज्याचें त्याला श्रेय द्यावयाचें तर हा संयम मुख्यतः ल्यूटनचा व तूर्नरचा. पटकथाकाराचें नशीब हें असें निर्मात्याच्या हातीं असतें. त्याच वर्षीं 'फ्रँकेन्स्टाइन मीट्स द वुल्फ मॅन' मध्यें त्यानें राक्षसाला संवाद दिले होते व तो आंधळा आहे असेंही योजिलें होतें. चित्रण झाल्यावर ते सारे संवाद कापण्यांत आले, आंधळेपणाचा उल्लेखही त्यांबरोबर गेला, आणि बेला लुगोसी हात पुढें करून विनाकारण चांचपडत फिरतो असें दृश्य उरलें. लोक लुगोसीला हंसले. दोष कात्रीचा होता.

ज्या कृतींत त्याच्यावर कोणाची कात्री चालली नाहीं, ती 'डोनोव्हन्स ब्रेन' ही १९४२ ची कादंबरी. विमान-अपघातांत मेलेल्या एका धनाढ्याचा मेंदू काढून एक शास्त्रज्ञ तो पात्रांत जिवंत ठेवतो, आणि हळूहळू तो मेंदूच शास्त्रज्ञाच्या मनाचा ताबा घेतो. सूत्र तेंच, परक्या इच्छेनें मनुष्य ग्रासला जाण्याचें. पण येथें शाप नाहीं, प्रयोगशाळा आहे, आणि निवेदन टिपणवहीच्या थंड भाषेंत आहे. म्हणूनच तें अंगावर येतें. हिच्यावरून १९४४, १९५३ व १९६२ अशा तीन वेळां चित्रपट निघाले. तिन्हींची पटकथा दुसऱ्यांची.

पुढें तो स्वतः दिग्दर्शक झाला. 'ब्राइड ऑफ द गोरिला' (१९५१) मध्यें त्यानें दहा वर्षांपूर्वीं नाकारलेला संशय पुन्हां बाहेर काढला. नायकास आरशांत वानर दिसतो, तो खरा कीं खोटा? कल्पना तीच, पण रंग भरावयास पैसा नाहीं, नट नाहींत, आणि खरें सांगावयाचें तर दिग्दर्शकाचा हातही नाहीं. त्याचा वडील बंधु रॉबर्ट, 'द किलर्स' व 'द स्पायरल स्टेअरकेस' यांचा दिग्दर्शक, याच्याशीं तुलना करण्याचें क्रौर्य आम्ही करीत नाहीं. 'द मॅग्नेटिक मॉन्स्टर' (१९५३) मध्यें शेवटच्या भव्य यंत्रांचीं दृश्यें १९३४ च्या 'गोल्ड' या जर्मन चित्रपटांतून उचललेलीं आहेत. तो चित्रपट कार्ल हार्टलचा, म्हणजे त्याच्याच तरंगत्या तळावर चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शकाचा. ज्या देशानें हांकलून दिलें, त्याचीं यंत्रें वीस वर्षांनीं हा निर्वासित आपल्या स्वस्त चित्रपटांत चालवीत बसला आहे, हें पाहतांना आम्हांस कथेपेक्षां त्या यंत्रांकडेच अधिक वेळ पाहावेंसें वाटलें.

१९९७ सालीं अमेरिकेच्या टपालखात्यानें चित्रपटांतील प्रसिद्ध राक्षसांचीं तिकिटें काढलीं. त्यांत वृकमानवही आहे. सिओडमाक तेव्हां पंचाण्णव वर्षांचा होता. पुढें तीन वर्षांनीं, सप्टेंबर २००० मध्यें, कॅलिफोर्नियांतील थ्री रिव्हर्स येथें तो वारला. तिकिटावर चित्र आहे तें लॉन चेनीच्या केसाळ चेहऱ्याचें.