प्रागचा गोलेम आणि रेहोवोतचा गोलेम

रेहोवोतच्या वाइझमन संस्थेतील नव्या संगणकाला 'गोलेम अलेफ' नाव द्यावे, असे गेर्शोम शोलेम यांनी सुचविले. संगणकाचे निर्माते हाइम पेकेरिस यांनी अट घातली : नावाचे कारण स्वतः येऊन सांगा. १९६५ साली शोलेम यांनी केलेले ते भाषण पुढल्या वर्षी निबंधरूपाने छापले गेले. प्रागचा मातीचा गोलेम परमेश्वराच्या नामाने चाले, रेहोवोतचा विजेने, अशी जोडी ते लावतात. निबंध छोटा व खेळकर आहे. घरात मोठ्याने वाचावा असा.

तरी आम्हां परिचारिकांना त्यात एक उणीव जाणवते. तालमूदात राबाने घडविलेला माणूस रब्बी झेरांना उत्तर देत नाही, म्हणून ओळखला जातो व मातीस मिळतो. आज यंत्रे उत्तरे देतात, तीही मराठीत! मग फरक कुठे पाहावा?

आम्ही जन्मभर जखमा बांधल्या. टाके डॉक्टर घालीत, पट्टी आम्ही बदलीत असू. पण मांस भरून आणी ते शरीरच. श्वासयंत्र बिघडले की मिस्त्रीला बोलवावे लागे. त्या यंत्राने कित्येक रोगी तारले, हे आम्ही विसरत नाही. पण रात्रपाळीत आकडा यंत्रावर वाचला, तरी आमचा हात रोग्याच्या कपाळावरच जाई.

शोलेम यांचा भर नाम, वीज व बुद्धी यांवर आहे. भरून येणाऱ्या देहावर नाही. यंत्र बंद पडते, पुन्हा चालू होते. जीव एकदाच जातो. म्हणून तर त्याच्या उशाशी कोणीतरी जागावे लागते.