परसदारचा बहुरूपी

आमच्या चिरंजीवांनी परसदाराला 'नवं रूप' द्यायचं ठरवलं, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. रूप द्यायचं म्हटलं की आमच्या घरात आधी काहीतरी उपटलं जातं. या खेपेला अळू उपटलं गेलं.

आता कलाकृतीकडे वळू. लांबी पंधरा फूट, रुंदी बारा, काँक्रीट ४ इंच जाड. ते ओलं असतानाच वर रंगाची भुकटी पसरायची आणि रबरी साचे ठेवून धुमसाने ठोकायचं. साचा उचलला, की खाली दगडी फरसबंदी हजर! वाळल्यावर वर चकचकीत लेप. येणारी मंडळी म्हणतात, "वा, हुबेहूब दगड!" आमचं गाव सांगलीकडचं. इथे मोरीपासून ओट्यापर्यंत शहाबादी फरशी. असल्या मुलखात सिमेंटने दगडाचं सोंग घ्यायचं, आणि त्या सोंगाला शहाबादीपेक्षा जास्त पैसे मोजायचे! मोठे समीक्षक याला काय म्हणतील ते म्हणोत. आमची आई एवढंच म्हणाली, "बहुरूपी आहे मेला."

सोंग वठलंय, हे कबूल. चिखलही गेला. पण तो लेप ओला झाला की निसरडा होतो. पहिल्याच पावसात मी जमिनीवर बसून त्याचं सखोल परीक्षण केलं.

खरा आक्षेप वेगळाच. काँक्रीट वाळताना आकसतं, म्हणून दर आठ-दहा फुटांवर त्यात सांधा कापावा लागतो. ठेकेदाराला तसं सांगितलं, तर म्हणाला, "काका, मधनं रेघ मारली की डिझाईन मरतंय की!" मग काँक्रीटनेच आपली रेघ मारून घेतली. तुळशीपासून मोरीच्या जाळीपर्यंत, नागमोडी. साऱ्या कलाकृतीत तेवढी एक ओळ अस्सल.

पूर्वी मोरीचं पाणी अळूला जायचं. शेजारच्या काकू "चार पानं द्या हो" म्हणत यायच्या आणि तासभर बसायच्या. आता पानंच नाहीत; मागायचं काय आणि बसायचं कशाला? चिरंजीवांनी दोन छानशा खुर्च्या मांडल्यात. आई त्यांत बसत नाही. तांदूळ धुतलेलं पाणी मात्र अजून अळूच्याच जागी ओतते. ते उतारावरून थेट जाळीत जायचं. हल्ली निम्मं त्या भेगेत जिरतं.

परवा चिरंजीव भेग बुजवायला सिमेंट कालवून आले, तर आई भेगेवरच पाट टाकून बसलेली.

"राहू दे रे तेवढी," म्हणाली.