उतरण्याची जागा

वसई-विरारकडच्या घरांत पूर्वी पाहुणा आला म्हणजे ओटीवर सतरंजी पडे. घर वाडीतले असो की गावठाणातले, आलेल्या माणसाला निजवायचे कोठे, हा प्रश्न सहसा पडत नसे. आज याच भागातल्या बहुतेकांचा संसार तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मावलेला असतो. 2011 च्या जनगणनेतच या शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. लग्नाला, बारशाला, दिवाळीला गावाहून माणसे यायची म्हटले की यजमानीणबाईंच्या पोटात गोळा येतो. म्हणून हमरस्त्यावर नवे हॉटेल उघडले, ही बातमी आता केवळ मोटारवाल्यांची राहिलेली नाही. ती आपल्या घरची झाली आहे. पुस्तकांवर टीका लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्या वास्तूत आपले पाहुणे निजणार, तिच्यावरही कोणी तितक्याच मनापासून लिहावे, असे मला वाटले. म्हणून हा प्रपंच.

मुंबई-अहमदाबाद महामार्गाने वसईची खाडी ओलांडून उत्तरेकडे निघाले की उजव्या हाताला तुंगारेश्वराचे डोंगर दिसू लागतात. त्यांच्या पायथ्याच्या बाजूला अलीकडेच हे हॉटेल उघडले आहे. ते श्रीमंती थाटाचे नव्हे आणि एसटी स्टँडाजवळच्या लॉजांसारखेही नव्हे. मधल्या दराचे, आणि गावोगाव शाखा असलेल्या एका साखळीतले. त्याचे नाव मी मुद्दामच घेत नाही. भाचीच्या लग्नासाठी वडोदऱ्याहून आलेले मराठी वऱ्हाड तेथे उतरवले होते, आणि त्यांच्या दिमतीला, मुलीची मावशी या नात्याने, मीही एक रात्र राहिले.

आपल्या मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे चहा-मिसळ मिळण्याची जागा. निजण्याच्या जागेला आपण ‘लॉज’ म्हणतो, आणि तो शब्द उच्चारताना घरंदाज बायका आवाज खाली आणतात. यामागे नुसता सोवळेपणा नाही. एकट्या बाईने परगावी खोली मागितली, की काउंटरवरचा माणूस आधी तिच्या मागे कोण आहे ते पाहतो, आणि मग खोली शिल्लक आहे की नाही ते ठरवतो. शाळेच्या सुट्टीत कादंबरीच्या निमित्ताने मी एकटी हिंडले आहे. हे ऐकीव सांगत नाही. अशा बाईला साखळीतल्या हॉटेलाचे मोल विचारा. फोनवर जो भाव सांगितला तोच बिलावर येतो. चादर पांढरी असते, आणि पांढरी असल्यामुळे ती खरोखर धुतली आहे की नाही हे दिसते. दाराला आतून कडी असते आणि कडी लागते. न लागणाऱ्या कडीला खुर्ची लावून ज्यांनी रात्री काढल्या आहेत, त्यांना यात काय सुख आहे ते कळेल.

या सुखाचा इतिहास फार जुना नाही. 1951 साली अमेरिकेतला केमन्स विल्सन नावाचा एक घरबांधणीतला गृहस्थ बायको आणि पाच मुलांना घेऊन मोटारीने सहलीला निघाला. वाटेतल्या उतारशाळांत कोठे घाण, कोठे भाव अवाच्या सवा, आणि वर प्रत्येक मुलामागे वेगळे पैसे. चिडून परत आला आणि 1952 साली मेंफिस शहरात त्याने स्वतःचे हॉटेल काढले. मुलांचे पैसे नाहीत आणि प्रत्येक शाखेत सारे काही तेच. तीच पुढे जगभर पसरलेली ‘हॉलिडे इन’ची साखळी. आपल्याकडे मधल्या दराच्या या तऱ्हेचे हॉटेल टाटांच्या कंपनीने 2004 साली बंगळूरला काढले. त्या साखळीला पुढे ‘जिंजर’ हे नाव मिळाले. आम्ही उतरलो ते त्यांचे नव्हे, पण घराणे तेच म्हणायचे. प्रवाशाला कोठेही धक्का बसू नये, हा या घराण्याचा कुळाचार.

मात्र वसई-विरारच्या भूमीला ‘प्रवाशाची सोय’ ही गोष्ट नवी आहे, असे कोणी समजू नये. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा एक लेख आहे. त्याने केलेल्या दानधर्माची यादी त्यात कोरलेली आहे. भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग या चार ठिकाणी त्याने चौसोपी विश्रामगृहे बांधली, असे ती यादी सांगते. भरुकच्छ म्हणजे भडोच, आणि शोर्पारग म्हणजे आपले सोपारे. एवढेच नव्हे, तर वाटेतल्या नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, दोन्ही तीरांवर पाणपोया घातल्या. त्या नद्यांत दमणेचे नाव आहे आणि डहाणुकेचेही आहे. म्हणजे आज ज्या दिशेने महामार्ग जातो, त्याच दिशेने जाणाऱ्या वाटसरूची काळजी वाहण्याचे काम येथे तेव्हाही चालू होते. विश्रामगृहाला त्या लेखात ‘प्रतिश्रय’ असा सुंदर शब्द आहे. सोपाऱ्याच्या प्रतिश्रयाची एक वीटही आज दाखवता येत नाही. पण शब्द शिल्लक आहे.

येथे उसासा टाकून ‘गेले ते दिवस’ म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. उषवदाताचे दान पुण्यासाठी होते, आणि त्याच यादीत ब्राह्मणभोजनांचे आकडे मोठ्या अभिमानाने दिलेले आहेत. पुण्यासाठी बांधलेल्या ओसरीवर कोणाला घ्यायचे हे पुण्य जोडणारा ठरवतो. आपल्या क्षेत्रांतल्या कितीतरी धर्मशाळांवर अमुक ज्ञातीच्या यात्रेकरूंसाठी अशी पाटी असे. आणि ज्या वडोदऱ्याहून आमचे वऱ्हाड आले, त्याच गावातली 1917 सालची हकीकत तर आपणा सर्वांना ठाऊक असायला हवी. कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेले डॉ. आंबेडकर संस्थानच्या नोकरीसाठी तेथे गेले, तेव्हा हिंदूंच्या हॉटेलात आपल्याला जागा मिळणार नाही हे त्यांना माहीत होते. एका पारशी उतारशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेली माणसे दारात आली. संध्याकाळपर्यंत जागा सोडायची! ओळखीच्या दोन घरी विचारून पाहिले, तेथेही जमले नाही. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत हा विद्वान एका सार्वजनिक बागेत बसून राहिला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवले आहे.

ही हकीकत डोळ्यांपुढे ठेवली, म्हणजे गुळगुळीत काउंटरवरच्या त्या मुलीने ओळखपत्र पाहून किल्लीचे कार्ड पुढे सरकवले, यातला अर्थ नीट कळतो. तिने आडनावावर डोळा रेंगाळू दिला नाही. पैसे आणि ओळखपत्र, बस्स. ही वागणूक कोरडी आहे खरी. पण ओलाव्याच्या नावाखाली आपण शेकडो वर्षे माणसे निवडून आत घेतली. त्यापेक्षा हा कोरडेपणा पुष्कळ बरा. साखळी हॉटेलांना नाके मुरडणाऱ्या रसिकांनी हे एवढे तरी कबूल करावे.

आता दोष. पहिला दोष खिडकीचा. वऱ्हाडातल्या आजी खोलीत येताच खिडकी उघडायला गेल्या. ती उघडतच नव्हती. काच जागची जखडलेली. बरे, तिच्यातून दिसते काय, तर महामार्गावरचे ट्रक. डोंगराच्या बाजूला इमारतीची पाठ आहे. तिकडे जिना, पाण्याच्या नळ्या आणि वातानुकूलनाची यंत्रे ओळीने बसवली आहेत. तुंगारेश्वराची हिरवी रांग यंत्रांना दाखवावी आणि ट्रक माणसांना, हा न्याय मला समजला नाही. माझी समजूत अशी, की नकाशा दुसऱ्या कोठल्या गावासाठी काढलेला असावा आणि येथे नुसता ठेवून दिला असावा.

दुसरा दोष ताटाचा. पनीर टिक्का, हक्का नूडल्स, सकाळी इडली आणि पाकिटातले मक्याचे पोहे. आपले पोहेही होते, आणि न्यायाने सांगायचे तर ते गरम आणि चांगले होते. पण ज्या आगाशीचे भुजिंग खायला मुंबईची माणसे मुद्दाम येतात, ती आगाशी याच तालुक्यात आहे. राजेळी केळी उन्हात सुकवून केलेली सुकेळी इथलीच. आणि टोपलीत मात्र कोठल्याही गावी मिळतील अशी, एका मापाची, डागही नसलेली केळी. वडोदऱ्याच्या पाहुण्यांनी विचारले, “इथलं काय खास?” तेव्हा वाढणारा मुलगा मेनूचे कार्ड चाळू लागला. घरी उकडहंडी खाणारा मुलगा असेल कदाचित. पण घरचे पदार्थ कार्डावर नाहीत म्हणून त्याच्या तोंडीही आले नाहीत.

तिसरा दोष चित्राचा. लिफ्टच्या दारावर वारली चित्र छापले आहे: तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती हात गुंफून नाचणारी माणसे. दार उघडले की फेर मधोमध तुटतो आणि तारपेवाला एकीकडे, नाचणारे दुसरीकडे होतात. ही कला आपल्याच पालघर जिल्ह्याची. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगाला दाखवली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. साऱ्या इमारतीत इथली म्हणावी अशी हीच काय ती एक गोष्ट, आणि तिच्याखाली ना गावाचे नाव ना चितारणाऱ्याचे.

हे तिन्ही दोष एक वेळ रुचीचे म्हणून सोडून देता येतील. चौथा तसा नाही. माझे ओळखपत्र पाहून काउंटरवरची मुलगी अडखळली. “मॅडम, लोकल आयडी चालत नाही.” माझा पत्ता वसईचा, म्हणून वसईच्या हॉटेलात मला खोली नाही! वरिष्ठांना फोन झाला, लग्नघरची म्हणून सूट मिळाली. असा काही सरकारी कायदा नाही. कित्येक हॉटेले हा नियम आपला आपणच लावून घेतात. त्यामागचा संशय काय असतो तो उघड बोलला जात नाही, पण कळतो. आता विचार करा: घरात पाणी शिरले, घरात मयत झाले, नवऱ्याने रात्री बाहेर काढले, अशा बाईला आपल्याच गावात, पैसे हातात असूनही, एका रात्रीचे छप्पर नाही. जात न विचारणारे दार पत्ता विचारून बंद होत असेल, तर आपण फार पुढे आलो असे म्हणवत नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. न्हाणीघरात फवारा होता, बादली-तांब्या नव्हता. आजींनी सामान आणणाऱ्या पोराला विचारले, “बाळ, कुठला रे तू?” इतका वेळ तो शिकवल्याप्रमाणे हात जोडून इंग्रजीत बोलत होता. त्याने जवळच्याच एका पाड्याचे नाव सांगितले आणि त्याची भाषाच बदलली. पाच मिनिटांत बादली आली, तांब्या आला, बसून आंघोळ करण्यासाठी कोठूनसे प्लॅस्टिकचे स्टूलही आले. “पाठीमागच्या जिन्यात वारा चांगला येतो, आजी,” असे तो जाता जाता सांगून गेला. आजींनी संध्याकाळी त्या जिन्यात खुर्ची टाकून डोंगर पाहिला. नियमांच्या पुस्तकात हे कोठेही नसणार. मालकांना माझे एवढेच सांगणे आहे, की तुम्ही पगार देऊन ठेवलेल्या त्या मुलाला सारे माहीत आहे. फक्त त्याला कोणी विचारले नाही.

समता आणि एकसारखेपणा या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो, ती अशी. कडी सर्वांना सारखी हवी, चादर सारखी हवी, भाव सारखा हवा, दारातला प्रश्न सारखा हवा. तेथे एक तसूभर फरक खपवून घेऊ नये. खिडकी, ताट आणि बोली मात्र त्या त्या गावाची हवी. ‘प्रतिश्रय’ आणि ‘साखळी’ यांतून एकच निवडण्याचे कारण नाही. सोपाऱ्याची ओसरी आणि न विचारता उघडणारे दार, दोन्ही एका छपराखाली नांदू शकतात. नवी विटांची इमारतही त्यासाठी नको. कार्डावर दोन पदार्थ, डोंगराकडच्या जिन्यात चार खुर्च्या, चित्राखाली एक नाव आणि वहीतला तो एक नियम खोडणे, एवढे पुरे.

पाहुणे तेथे उतरवावेत काय, असे कोणी विचारील. जरूर उतरवावेत. कडी लागते, चादर स्वच्छ आहे. मात्र सोबत फराळाचा डबा द्यावा, त्यात सुकेळी ठेवावी, आणि सकाळच्या चहाला त्यांना घरी बोलवावे. दोन खोल्यांत निजायला जागा नसली, तरी चहाला होते.